स्पीतीला मनालीकडून चढू नका, मनालीकडे उतरा

प्रश्न थोडक्यात असा आहे: नाशिकचं एक कुटुंब, नवरा-बायको, नऊ वर्षांचा मुलगा आणि ६२ वर्षांची आई. चार वर्षं जुनी पेट्रोल कॉम्पॅक्ट एसयूव्ही, टर्बो नाही. मे अखेरीस बारा दिवसांची सुट्टी, आणि हिमाचलमधलं स्पीती खोरं बघायचं आहे. नाशिकहून गाडीनेच मनाली, पुढे चंद्रताल हा उंचावरचा तलाव, मग स्पीतीचं मुख्य गाव काझा, आणि किन्नौर-शिमल्याकडून परत. ‘गाडी टिकेल का आणि टायर कोणते घालू?’

गाडी टिकेल. टायरचंही सांगतो. पण स्पीतीला जाणारे दहापैकी नऊजण मला गाडीबद्दलच विचारतात, आणि गेली एकोणीस वर्षं त्या रस्त्यावर माणसं घेऊन जाताना माझी झोप उडाली ती गाडीमुळे क्वचितच. तिथला प्रवास दोन गोष्टींवर ठरतो. रात्री किती उंचीवर झोपता, आणि दिवसातल्या कोणत्या वेळी रस्त्यावरून वाहणाऱ्या पाण्यापाशी पोचता. तुमच्या आखणीत या दोन्ही गोष्टी उलट्या पडल्या आहेत, म्हणून आधी त्याबद्दल.

मनाली सुमारे २०५० मीटरवर आहे. पूर्वी पुढे जायला रोहतांग, म्हणजे ३९७८ मीटरची खिंड चढावी लागायची. रांगा लागायच्या, वेळ जायचा. ऑक्टोबर २०२० मध्ये नऊ किलोमीटरचा अटल बोगदा सुरू झाला आणि माणूस तासा-दीड तासात डोंगरापलीकडच्या लाहौल खोऱ्यात पोचायला लागला. लाहौलच्या लोकांचं त्याने भलं झालं, हिवाळ्यात आजारी माणसाला बाहेर काढता येतं. पण आपल्यासारख्यांचा एक तोटा झाला. शरीराला मिळणारा वेळ कमी झाला. सकाळी मनालीतून निघून संध्याकाळी चंद्रतालच्या तंबूत झोपलात, तर एका दिवसात २०५० वरून सुमारे ४२५० मीटरवर गेलात. बावीसशे मीटर. उंचीवरच्या वैद्यकातला साधा नियम असा, की ३००० मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची उंची एका रात्रीत ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर थांबावं. ३००० च्या वरचं तेवढंच मोजलं तरी चंद्रतालची पहिली रात्र हा नियम अडीचपट मोडते.

आणि चंद्रतालची जागा कशी आहे ते नकाशावर लक्षात येत नाही. ती वाटीसारखी आहे. रात्री कुणाची तब्येत बिघडली तर उपाय एकच, खाली उतरणं. पण उतरणार कुठे? चौदा किलोमीटरवर बातल आहे, तेही ३९०० मीटरच्या पुढेच. काझाकडे जायचं तर आधी कुंझुम चढायला हवा, ४५५१ मीटरची खिंड. म्हणजे ज्याला उतरवायचं त्यालाच आणखी चढवायचं. मनालीकडे जायचं तर बातलपासून ग्रामफूच्या फाट्यापर्यंत जवळपास पन्नास किलोमीटर दगडगोट्यांचा रस्ता आणि मध्ये नाले.

२०१२ च्या जून अखेरीस मी हे स्वतः पाहिलं. दोन गाड्या घेऊन आम्ही मनालीकडून चढलो होतो. आमच्यातला सगळ्यात धडधाकट मुलगा, दर रविवारी सिंहगड धावत चढणारा, चंद्रतालला संध्याकाळी डोकं दुखतंय म्हणाला. जेवला नाही. अकरा वाजता उलट्या सुरू झाल्या. पहाटे दोन वाजता मी त्याला बॅटरीच्या उजेडात एका रेषेत, टाचेला पाऊल लावून चालायला सांगितलं. चार पावलांत तो बाजूला कलंडला. ही खूण मेंदूला सूज येऊ लागल्याची असते, आणि त्यानंतर सकाळची वाट पाहायची नसते. अडीचला निघालो. बातलपर्यंत एक तास, पुढे ग्रामफूपर्यंत चार. कोकसरला, म्हणजे साधारण ३१०० मीटरवर पोचलो तेव्हा आठ वाजले होते आणि तो मुलगा स्वतःहून चहा मागत होता. त्या रात्री आम्हाला पाण्याने वाट दिली, कारण पहाटे नाले उतरलेले असतात. तोच प्रसंग दुपारी चारला आला असता तर आम्ही अर्ध्या वाटेत अडकलो असतो. चूक आखणीची होती आणि आखणी माझी होती. तेव्हापासून मी कुणालाही मनालीकडून चढवलेलं नाही.

म्हणून वाट उलटी करा. शिमल्याकडून चढा, किन्नौरमधून हळूहळू वर जा आणि शेवटी मनालीकडे उतरा. अंतर थोडं वाढतं, पण उंची पायरीपायरीने वाढते. चंडीगडहून पहिला मुक्काम नारकंड्याला, २७०० मीटर. शिमल्यात थांबू नका, गर्दीत दोन तास जातात. दुसऱ्या दिवशी रस्ता रामपूरला सतलजच्या काठी हजार मीटरवर उतरतो आणि मग नदीच्या बाजूने वर निघतो. करछमला बास्पा सतलजला मिळते, तिथून वर सांगला. उंची पुन्हा २७०० च्या आसपास. दोन रात्री सांगल्यात काढा, मधल्या दिवशी छितकुल पाहून परत या (३४५० मीटरवर जाऊन खाली झोपणं, हा शरीरासाठी उत्तम सराव). मग कल्पा, २९५० च्या आसपास. समोर किन्नर कैलास, आईंना खुर्ची टाकून अंगणात बसवा आणि त्या दिवशी दुसरं काही करू नका.

कल्प्यानंतर बहुतेकजण नाकोला मुक्काम करतात. गाव सुंदर आहे, तलाव आहे, पण ते ३६०० मीटरच्या वर आहे. आई बरोबर असताना मी तसं करत नाही. नाकोत जेवा, तास-दोन तास फिरा आणि पुढे ताबोला जाऊन झोपा. ताबो ३२८० मीटरवर आहे, म्हणजे दिवसा वर जाऊन रात्री खाली आलात. पल्ला मोठा आहे, १६५ किलोमीटरच्या आसपास, म्हणून कल्पा सकाळी सहाला सोडा. ताबोचा मठ इसवी सन ९९६ मधला आहे. मातीच्या भिंती, आत अंधार, आणि डोळे सरावले की हजार वर्षांपूर्वीची चित्रं हळूहळू दिसू लागतात. आत फोटो काढू देत नाहीत आणि ते बरंच आहे. तिथे दुसऱ्या दिवशी सकाळी घाई करू नका. तिथून काझा फक्त ४७ किलोमीटर आहे, वाटेत धनकरचा मठ पाहूनही दुपारी पोचाल.

काझा ३६५० मीटरच्या आसपास. तिथे किमान तीन रात्री. पहिल्या दिवशी बाजारात सावकाश चालायचं, बस. दुसऱ्या दिवशी ‘की’ गावचा मठ आणि किब्बर. तिसऱ्या दिवशी लांगझा, हिक्कीम, कोमिक ही वरची गावं. कोमिक ४५८७ मीटरवर आहे, म्हणजे कुंझुमपेक्षाही थोडं उंच. ते जर आईंना झेपलं, धाप लागली तरी जेवण गेलं आणि रात्री झोप लागली, तर कुंझुम झेपेल. ही तुमची चाचणी परीक्षा. नाही झेपलं तर ते काझातच कळतं आणि परतीचा रस्ता उताराचा असतो.

आता आईंबद्दल आणि मुलाबद्दल. निघायच्या महिनाभर आधी आईंना डॉक्टरांकडे न्या. रक्तदाब, साखर, दमा, हृदयाचं जुनं काही, यातलं काही असेल तर ते जायचं की नाही हे त्यांना ठरवू द्या. अ‍ॅसिटाझोलामाइड, बाजारात डायमॉक्स नावाने मिळतं, त्याबद्दल त्यांनाच विचारा. सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर ते हातात घेण्याआधी आवर्जून सांगा. बोटांना मुंग्या येतात, लघवी जास्त होते, त्याने घाबरू नका. या गोळीने शरीर लवकर सरावतं, पण ती खाऊन एका दिवसात चंद्रताल गाठायची परवानगी मिळत नाही. झोपेच्या गोळ्या आणि दारू दोन्ही वर्ज्य. दुकानात मिळणारे प्राणवायूचे छोटे फवारे काही मिनिटांत संपतात, त्यांच्यावर विसंबून उतरायला उशीर करू नका. बोटाला लावायचं ऑक्सिमीटर घ्या, पण थंड बोटावर ते चुकीचा आकडा दाखवतं, आधी हात चोळून ऊब आणा.

मुलं सांगत नाहीत. नऊ वर्षांचा मुलगा ‘डोकं दुखतंय’ म्हणायच्या आधी गप्प होतो, खाणं टाकतो, खिडकीबाहेर बघायचं सोडतो. याक दिसला आणि तो उठून बसला नाही, तर गाडी थांबवा. आणि एक खूण सगळ्यांसाठी: बसल्या जागी धाप लागत असेल, कोरडा खोकला लागून छातीत घरघर ऐकू येत असेल, तर ते फुप्फुसात पाणी भरणं असतं. तेव्हा रात्र असो, पैसे भरलेले असोत, त्या क्षणी खाली निघायचं. काझाला आणि किन्नौरमधल्या रेकाँग पिओला सरकारी रुग्णालयं आहेत. मुक्कामाच्या जागेपासून जवळचं कोणतं, हे रोज संध्याकाळी मनात पक्कं असू द्या.

वेळेचं गणित. नाशिक ते चंडीगड दीड हजार किलोमीटरच्या आसपास आहे. जाऊन-येऊन पाच दिवस गेले. उरले सात. सात दिवसांत वर लिहिलेलं होत नाही, आणि सात दिवसांत करायला गेलात तर नेमक्या शरीर सरावायच्या रात्रीच कापल्या जातील. सतरा-अठरा दिवस मिळत असतील तर स्वतःची गाडी न्या. बाराच असतील तर चंडीगडपर्यंत रेल्वेने किंवा विमानाने जा आणि तिथून किंवा शिमल्याहून गाडी आणि स्थानिक चालक घ्या. स्वतःची गाडी तिथे चालवण्याचा आनंद मला ठाऊक आहे, मी तो सोडा असं सहज म्हणत नाही. पण आईंसाठी ते पाच दिवस वर खर्च होणं जास्त मोलाचं आहे.

मे अखेरीस कुंझुम उघडलेला असेलच असं धरू नका. बर्फ किती पडला त्यावर ते ठरतं. कधी मे संपता संपता उघडतो, कधी जूनचा बराच भाग जातो. आपल्याकडे शाळा जूनच्या मध्यावर उघडतात, त्यामुळे मराठी कुटुंबं नेमकी याच कात्रीत सापडतात. मे-जूनमध्येच जायचं असेल तर किन्नौरकडून जाऊन किन्नौरकडूनच परत यायचं, असं मनात धरून निघा. कुंझुम उघडला तर पदरात पडला. मुलाची शाळा आठवडाभर बुडवता येत असेल तर सप्टेंबरचा दुसरा पंधरवडा घ्या. आकाश धुतलेलं असतं, नाल्यांना पाणी कमी, रस्ता उन्हाळाभर वापरून जरा दबलेला. मी घरच्यांना नेतो तेव्हा सप्टेंबरातच नेतो.

जुलै-ऑगस्ट टाळाच. स्पीती पर्जन्यछायेत आहे, तिथे पाऊस कमी, हे खरं आहे. पण स्पीतीत पोचायचा रस्ता किन्नौरमधून जातो आणि तिथे पाऊस आहे. २०२१ च्या जुलैत सांगला खोऱ्यात बटसेरीजवळ कड्यावरून सुटलेले दगड पर्यटकांच्या गाडीवर आले आणि नऊजण गेले. पुढच्याच महिन्यात निगुलसरीला दरडीखाली एस.टी.सारखी प्रवाशांनी भरलेली सरकारी बस गाडली गेली. त्या रस्त्याने मी अजूनही जातो, आणि निगुलसरी ओलांडेपर्यंत गाडीत कुणी बोलत नाही. २०२३ च्या जुलैत कुंझुमवर अवकाळी बर्फ पडून चंद्रतालला अडीचशेहून अधिक पर्यटक दिवसेंदिवस अडकले होते.

आपल्याला घाट नवे नाहीत. वरंधा, ताम्हिणी, माळशेज पावसात चालवलेला माणूस वळणांना घाबरत नाही. पण सह्याद्रीचा घाट तासाभरात संपतो, वर चहाची टपरी असते, आणि तो काळ्या बसाल्टचा पहाड आहे, थरावर थर बसलेला. तिकडचा डोंगर तरुण आहे, अजून हलतो आहे, आणि कित्येक ठिकाणी तो डोंगर नसून हिमनदीने आणून टाकलेला दगडमातीचा ढीग असतो. नाको ते चांगो दरम्यानचा मलिंगचा पट्टा असाच आहे, बघावं तेव्हा खाली सरकलेला. अशा जागी दगड सुटतात ते दोन वेळा: पाऊस पडत असताना, आणि दुपारनंतर वारा सुटला की. रस्त्यावर मुठीएवढे ताजे दगड विखुरलेले दिसले तर तिथे फोटोसाठी थांबायचं नाही, वर बघत, काच उघडी ठेवून, कान देऊन निघून जायचं. काच उघडी यासाठी, की दगड आधी ऐकू येतो, मग दिसतो.

आता पाणी. तिकडे ओढ्याला नालाच म्हणतात. हे नाले पावसाचे नाहीत, वितळलेल्या बर्फाचे आहेत, त्यामुळे त्यांना रोजचं वेळापत्रक असतं. रात्री थंडीने वितळणं थांबतं, पहाटे पाणी सर्वांत कमी. नऊ-दहाला ऊन वर लागतं, पण वर वितळलेलं पाणी खाली रस्त्यावर यायला काही तास घेतं. दुपारी दोननंतर पाणी चढतं आणि संध्याकाळपर्यंत चढतच राहतं. सकाळी घोट्याएवढा असलेला नाला चार वाजता गुडघ्याच्या वर जातो, तळाचे दगडही जागा बदलतात. बातल ते ग्रामफूच्या अलीकडचं छतरू हे जेमतेम तीस-बत्तीस किलोमीटर आहेत आणि त्याला अडीच-तीन तास लागतात. रस्त्याचं रुंदीकरण टप्प्याटप्प्याने चालू आहे, पण हा पट्टा कठीण आहे असंच धरा. हे अंतर दुपारी एकच्या आत मागे पडलं पाहिजे.

म्हणून तुमच्यासाठी हिशेब असा. काझा पहाटे पाचला सोडायचं. लोसर ५८ किलोमीटर, सातपर्यंत. कुंझुम सव्वाआठ. तिथे देवीच्या देवळाला गाडीनेच प्रदक्षिणा घालायची पद्धत आहे, ती घाला, दहा मिनिटं खाली उतरा, जास्त नको. बातल सव्वानऊ, तिथल्या ढाब्यावर राजमा-भात किंवा पराठा. छतरू साडेबारापर्यंत, ग्रामफू दीडच्या आसपास आणि तिथून कोकसरवरून सिस्सू. सिस्सू ३१०० मीटरच्या जवळ आहे, मुक्काम तिथेच करा. मनालीच्या गर्दीत त्याच दिवशी शिरायची गरज नाही.

यात चंद्रताल बसत नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेल. चौदा किलोमीटर आत, चौदा बाहेर, शिवाय पार्किंगपासून चालणं. तलाव पाहून त्याच दिवशी ग्रामफू गाठायला गेलात तर नेमके दुपारच्या पाण्यात सापडाल. एक तर तलाव सोडा, नाही तर तिथे राहा आणि दुसऱ्या दिवशी पहाटे निघा. काझात तीन-चार रात्री काढल्यावर चंद्रतालला झोपणं मनालीकडून येऊन झोपण्यापेक्षा कितीतरी सुरक्षित आहे, तरीही ६२ वर्षांच्या आईंना मी तंबूत नेणार नाही. रात्री गोठवणारी थंडी, आणि ती वाटीसारखी जागा. तुम्ही दोघं नंतर कधी तरी एकटे जा. (तंबू तलावाच्या काठावर नसतात, तीन-चार किलोमीटर अलीकडे असतात. काठावर मुक्कामाला मनाई आहे, आणि ती पाळली जावी असं मला मनापासून वाटतं.)

नाला ओलांडायचा कसा? आधी थांबायचं. समोरून किंवा मागून सरकारी बस, ट्रक, स्थानिक सुमो येत असेल तर ती कुठून जाते ते बघायचं. हे चालक रोज तिथून जातात, त्यांच्या चाकाची रेघ हीच तुमची रेघ. कुणीच नसेल तर काठी घेऊन स्वतः पाण्यात उतरायचं, बूट घालूनच, कारण ते पाणी पाच मिनिटांत पाय बधिर करतं आणि अनवाणी पायाला दगड कळत नाही. पाणी जिथे पसरट आणि खळखळतं तिथे उथळ, जिथे गुळगुळीत आणि काळसर तिथे खोल. चाकाच्या मध्यापर्यंत पाणी असेल तर तुमची गाडी जाईल, दाराच्या पट्टीवर चढत असेल तर थांबा. पहिला गिअर, एकसारखा रेस, क्लचवरून पाय काढलेला, मध्ये ना गिअर बदलायचा ना ब्रेक. सायलेन्सर पाण्यात असताना रेस सोडला तर पाणी मागे ओढलं जातं. आणि गाडी पाण्यात बंद पडलीच तर पुन्हा सेल्फ मारू नका. हवेच्या वाटेने इंजिनात पाणी गेलेलं असेल तर त्या एका सेल्फने इंजिनातला कनेक्टिंग रॉड वाकू शकतो आणि मग गाडी ट्रकवर घालून मनालीला न्यावी लागते. न्यूट्रल करा, दोर लावा, टोचन करून बाहेर काढा, प्लग उघडून पाणी काढल्याशिवाय सुरू करू नका. पलीकडे गेल्यावर थोडं अंतर ब्रेक हलके दाबत चला, म्हणजे लाइनर सुकतात.

गाडीचं आता पटकन सांगतो. कुंझुमवर हवा इतकी विरळ असते की बिनटर्बोच्या पेट्रोल इंजिनाची एक तृतीयांशाहून जास्त ताकद जाते. चढावर गाडी गुरगुरेल, दुसऱ्याऐवजी पहिला लागेल, एसी बंद ठेवावा लागेल. गाडी बिघडलेली नसते, तिलाही धाप लागलेली असते. चढावर थांबून पुन्हा निघताना हाफ क्लचवर गाडी तोलू नका, हँडब्रेक लावा. क्लच प्लेट अर्धी झिजली असेल तर नाशिकलाच बदला. या रस्त्यावर गाडी अडते ती बहुतेक जळलेल्या क्लचने किंवा इंजिनाखालच्या फुटलेल्या ऑइल चेंबरने. चेंबरखाली लोखंडी गार्ड बसवून घ्या. उतारावर ज्या गिअरमध्ये चढला असता त्याच गिअरमध्ये उतरा, नुसत्या ब्रेकवर उतरलात तर ते तापून लागेनासे होतात.

टायर: कंपनीचेच, पण नवे किंवा जेमतेम वर्षभराचे. वेगळे जाड टायर घालायची गरज नाही. स्टेपनी चांगली हवी, ट्यूबलेसचं पंक्चर किट आणि बॅटरीवर चालणारा हवेचा पंप हवा. आणि एक गोष्ट फारशी कुणी नेत नाही: तुमच्या मापाची एक साधी ट्यूब. तिथले दगड टायर बाजूने कापतात, त्या चिरेला दोरीचं पंक्चर चालत नाही, पण आतून तुकडा लावून ट्यूब घातली की गाडी गावापर्यंत येते. हवेचा नाशिकचा आकडा तिथे धरू नका. उंचीने गेजवर आकडा वाढतो, थंडीने उतरतो. काझात सकाळी टायर थंड असताना मोजून कंपनीच्या आकड्यावर आणा. मऊ प्रवासासाठी हवा फार कमी करू नका, त्याने बाजू लवकर कापली जाते.

पेट्रोल पोवारीला भरा, म्हणजे रेकाँग पिओच्या खाली, आणि काझाला टाकी काठोकाठ भरा. काझानंतर मनालीपर्यंत, दोनशे किलोमीटर, पंप मिळेल असं धरू नका, आणि पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये सरासरी पार खाली येते. काझाला पोचलात त्याच संध्याकाळी भरा, निघायच्या सकाळी पंप उघडायची वाट बघावी लागू नये. रोख पैसे पुरेसे न्या. काझात एटीएम आहे, त्यात रोकड असेलच असं नाही, आणि मोबाइलवरून पैसे द्यायला नेटवर्क लागतं. स्पीतीत शिरल्यावर नेटवर्क सगळीकडे मिळेल असं धरू नका, बातल-छतरू पट्ट्यात तर काहीही धरू नका. घरच्यांना आदल्या रात्री सांगून ठेवा, की उद्या संध्याकाळपर्यंत फोन लागणार नाही.

अरुंद जागी चढणाऱ्या गाडीला वाट द्यायची. उतरणाऱ्याने थांबायचं, गरज पडली तर मागे घ्यायचं. हा कायदाही आहे आणि तिथली रीतही. रस्त्यावर काम करणारी माणसं दिसतील, तोंडाला फडकं बांधून खडी फोडणारी. त्यातले कित्येक झारखंडच्या दुमक्याकडून आलेले असतात, गरम मुलखातून थेट चार हजार मीटरवर. त्यांच्याजवळून गाडी हळू न्या, धूळ त्यांच्या अंगावर उडते. पाण्याच्या बाटल्या, बिस्किटं, एखादी जास्तीची कानटोपी गाडीत असू द्या. दरड पडल्यावर जेसीबी येईपर्यंत तुमची वाट मोकळी करणारी हीच माणसं असतात.

राहिला प्रश्न शेवटच्या निर्णयाचा, काझाहून पुढे जायचं की मागे फिरायचं. त्यासाठी मोबाइलवरच्या बातम्या बघत बसू नका. काझाच्या बस स्टँडजवळ संध्याकाळी मनालीकडून आलेल्या टॅक्स्या उभ्या असतात. चालकांना चहा पाजा आणि विचारा: पाणी कुठे किती होतं, किती वाजता होतं, छोटी गाडी आली का? तिघांना वेगवेगळं विचारा. दोघांनी ‘छोटी गाडी मत ले जाओ’ म्हटलं तर किन्नौरकडून परत फिरा, आणि वाचलेल्या दिवसात पिन खोऱ्यात मुदला जाऊन या. ते खोरं बघितल्यावर कुंझुम हुकल्याची हळहळ राहत नाही, हे मी दोनदा अनुभवलं आहे.

तिघांनीही जा म्हटलं, आई रात्री शांत झोपल्या, मुलगा सकाळी भुकेला उठला, तर पाचला निघा. आईंना पुढच्या सीटवर बसवा, मागे हादरे जास्त बसतात. लोसरला पोलीस चौकीवर वहीत गाडीचा नंबर आणि माणसांची नावं लिहावी लागतात. लिहिताना वरच्या ओळी बघा, त्या सकाळी तुमच्याआधी किती गाड्या मनालीकडे गेल्या ते दिसेल. तुमचीच पहिली असेल तर तिथे चहा घ्या, दुसरी गाडी येऊ द्या, त्यांच्याशी बोलून घ्या आणि दोन्ही गाड्या मिळून कुंझुमला लागा.